बिघाड एसएमपीएसमध्ये, पैसे गेले मदरबोर्डचे

एकूण गेले ८,१५० रुपये. तपासणीचे ६००, 'रिफर्बिश्ड' (म्हणे जुना, दुरुस्त केलेला) मदरबोर्डचे ६,४०० आणि एसएमपीएसचे, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीचे, १,१५०. हे शेवटचे १,१५० त्याच रिपेअरवाल्याला दिले. हसा खुशाल.

पीसीचं बटण दाबलं की पंखा अर्धी गिरकी घ्यायचा आणि थांबायचा. रिपेअरवाले कसे टोपी घालतात हे तुम्हाला माहीत आहे, मलाही होतं. पण याने बाजूचं झाकण काढून बोर्डवरच्या इवल्याशा दिव्यावर बोट ठेवलं. "बघा सर, दिवा लागतोय ना? म्हणजे एसएमपीएस ओके. बोर्ड गेलाय." डोळ्यांदेखत पुरावा दिल्यावर कोण वाद घालणार? तो दिवा जांभळ्या वायरीतल्या ५ व्होल्ट स्टँडबायवर, म्हणजे पीसी बंद असतानाही चालू राहणाऱ्या लाइनवर लागतो, १२ व्होल्टची लाइन पार मेलेली असली तरी, हे मला नंतर कळलं.

पुढचं मात्र मला दिसलं होतं. डोकं फिरतं ते त्यामुळेच. नवा बोर्ड चालवून दाखवताना त्याने जो २४ पिनचा कनेक्टर खुपसला, त्याच्या वायरींवर काळी जाळी होती. माझ्या वायरी उघड्या, लाल-पिवळ्या. म्हणजे एसएमपीएस त्याच्या टेबलावरचा! मी शेजारी उभा राहून ते पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, माणूस टेस्टिंग व्यवस्थित करतो हं. घरी आणून बटण दाबलं. अर्धी गिरकी.

तुमचा बोर्ड तुमच्याच एसएमपीएसवर चालवून घ्या, त्याशिवाय पैसे काढू नका.

परत गेलो तर म्हणे, "आता एसएमपीएसपण गेला." ५०० वॅटचा म्हणून जो दिला तो रिकाम्या डब्यासारखा हलका. स्टिकरवर १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर. गुणाकार केला असता तर १९२ वॅट आले असते. बाकीचा आकडा बराचसा फुगवलेला. गेम सुरू केला की पीसी रीस्टार्ट.

शेवटी एका मित्राने माझा जुना एसएमपीएस सुटा घेतला, कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला तारेच्या तुकड्याने जोडली, म्हणजे तो बोर्डाशिवाय सुरू व्हायला हवा. बोर्ड जोडलेलाच नाही, तरी तीच अर्धी गिरकी. दोन मिनिटांचं काम! (पंखा फिरत राहिला म्हणून मात्र एसएमपीएस चांगला ठरत नाही. लोडवर पिवळी-काळीमध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. आणि त्याची पेटी उघडू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शॉक बसेल इतका चार्ज साठलेला असू शकतो.)

तक्रार द्यायला गेलो. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रारीच्या हेल्पलाइनला फोन केला तर जीएसटीचं बिल मागितलं. माझ्याकडे कागदाची चिठ्ठी, त्यावर फक्त 'बोर्ड ६४००'. चिठ्ठीचा फोटो तीनदा पाठवला, तिन्ही वेळा "अस्पष्ट आहे". अहो, आकडा मला वाचता येतो, तुम्हाला का येत नाही? एक बाई तर म्हणाल्या, "पण आता कॉम्प्युटर चालू होतोय ना?" एकोणिसाव्या दिवशी मेसेज आला: तक्रारीचे समाधानकारक निवारण करून ती बंद करण्यात आली आहे. समाधान कोणाचं झालं, तेवढं लिहिलं नव्हतं. पक्कं बिल आधी घ्या, मग बोला. मी मागितलं तेव्हा "सर, टॅक्स लागेल" ऐकून गप्प बसलो होतो.

जुना बोर्ड परत मागितला. म्हणाला, भंगारात दिला. समोरच्या फळीवर सात-आठ बोर्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले होते, 'रिफर्बिश्ड' अशी चिठ्ठी लावून.