फायबर की मोबाइल डेटा? घराचा हिशेब वेगळा, धंद्याचा वेगळा

फोनवर डेटा असताना वेगळं फायबरचं, म्हणजे केबलने येणारं ब्रॉडबँड (वेगवान इंटरनेट) कनेक्शन घ्यावं का, हे बहुतेक जण मासिक बिल बघून ठरवतात. बिलाला महत्त्व आहेच. २०२५ पर्यंत विकसनशील देशांत साधी ब्रॉडबँड सेवा दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांपेक्षा कमी खर्चात मिळावी, असं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये ठेवलं होतं. पण ही झाली सरासरी. सरासरीच्या निम्म्या कमाईत भागवणाऱ्याला तेच २ टक्के ४ टक्क्यांइतके जड जातात.

घरासाठी

मोबाइल डेटाचा खर्च माणशी असतो, फायबरचा घरटी. एकटा राहणारा, दिवसभर बाहेर असणारा माणूस फायबर घेऊन पैसे वाया घालवतो, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात चार-पाच जण, त्यात शिकणारी मुलं किंवा घरून काम करणारं कुणी असेल, तर पारडं फायबरकडे झुकतं. मात्र फायबर आलं म्हणून फोनचे रिचार्ज बंद होत नाहीत. ते छोट्या प्लॅनवर आणता येतात, एवढंच. म्हणून तुलना करताना एका बाजूला आजचे सगळे रिचार्ज मांडा आणि दुसऱ्या बाजूला फायबरचं बिल अधिक छोटे रिचार्ज.

दराइतकाच महत्त्वाचा असतो पैसे हातात येण्याचा क्रम, आणि त्याकडे सहसा कुणी बघत नाही. रोजंदारीवर किंवा हंगामी कमाईवर चालणाऱ्या घराला प्रीपेड सोयीचं पडतं: पैसे नसले तर आठवडाभर रिचार्ज टाळता येतो. फायबरला जोडणीचा खर्च, राउटर, कधी अनामत रक्कम आणि ठरावीक मुदतीचं बंधन, हे सगळं सुरुवातीलाच अंगावर येतं. छोट्या पॅकमध्ये दर जीबीमागे जास्त पैसे जातात हे माहीत असूनही लोक तेच घेतात, कारण एकरकमी पैसे नसतात. मोठा पडदा किंवा लॅपटॉप नसलेल्या घरात वेगवान कनेक्शनचा उपयोगही मर्यादितच.

विरळ वस्तीत तर निवडीचा प्रश्नच अनेकदा उरत नाही. फायबर टाकताना केबलपेक्षा खोदकामाचा खर्च मोठा असतो आणि तो मोजक्याच घरांत विभागला जातो. तिथे उपग्रहाचा पर्याय आहे. ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहामुळे संभाषणात जाणवण्याइतका उशीर होतो. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांत तो बराच कमी, पण अँटेनाचा खर्च आधी करावा लागतो.

छोट्या धंद्यासाठी

इथे आधी अपलोड, म्हणजे आपल्याकडून फाइल्स बाहेर पाठवण्याचा वेग बघा. १० जीबीच्या फाइल्स पाठवायला १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) अपलोडवर साधारण सव्वादोन तास लागतात, १०० एमबीपीएसवर सुमारे १३ मिनिटं. फोटो, व्हिडिओ, आराखडे किंवा रोजचा बॅकअप पाठवणाऱ्याला फायबर परवडतं, कारण माणसाचा वेळ वाचतो. ज्या दुकानात फक्त डिजिटल पेमेंट आणि ऑर्डरचे मेसेज येतात, तिथे मोबाइल डेटा पुरतो. त्या व्यवहारांना डेटा नगण्य लागतो.

मग बंद पडण्याचा हिशेब. ९९ टक्के वेळ चालू राहणारी सेवा ऐकायला छान वाटते, पण उरलेला १ टक्का म्हणजे वर्षाला सुमारे ८८ तास. एक तास कनेक्शन गेल्यावर किती विक्री बुडते, याचा अंदाज काढा. तो आकडा मोठा असेल तर व्यावसायिक प्लॅन घ्या, नसेल तर घरगुती फायबर आणि जोडीला फोनचा हॉटस्पॉट चालून जाईल. कामगारांचा पगार तासावर असेल तर तोही त्यात धरा. व्यावसायिक प्लॅनचे जादा पैसे बऱ्याचदा वेगासाठी नसतात. ते दुरुस्तीच्या हमीचे आणि स्थिर आयपी पत्त्याचे (कनेक्शनच्या न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याचे) असतात. त्यामुळे किती तासांत दुरुस्ती होईल आणि झाली नाही तर बिलातून किती वजा होईल, हे करारात लिहिलेलं नसेल तर ते जादा पैसे देऊ नका. मुदतीआधी कनेक्शन सोडल्यास किती भरावं लागेल, तेही सही करण्यापूर्वीच विचारा.