हजार लिटरची एकच टाकी घ्यावी की पाचशेच्या दोन?

गच्चीवर टाकी बसवायचीय आणि दुकानदार म्हणतोय कुठलीही घ्या पाणी तेवढंच, तर जरा थांबा, तेवढंच नसतं. उन्हाळ्यात उजनी मायनसमधे गेलं अशी बातमी येते तेव्हा धरण कोरडं पडलेलं नसतं, 117 टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) त्या धरणात 63 हून जास्त टीएमसी नुसता मृतसाठा आहे, म्हणजे तळाशी राहणारं, सहज बाहेर सोडता न येणारं पाणी, उपयुक्त साठा साधारण 53, तो संपला की मायनस. टाकीचंही तेच, किती मावतं यापेक्षा नळाला किती येतं ते बघायचं.

आमची 1000 ची, व्यास 110 सेंमी. आत टेप सोडून मोजलं तर खाली जाणारा पाइप तळापासून 10 सेंमी वर (तो तसाच हवा, खाली गाळ बसतो), आणि वरची 10 सेंमी रिकामी असतानाच बॉलकॉक पाणी बंद करतो. या व्यासाला 1 सेंमी म्हणजे साडेनऊ लिटर, म्हणजे 190 लिटर गेले, हाताशी राहिले 810. पाचशेवालीचा व्यास 87 धरला तर सेंमीला सहाच लिटर, पण तळ दोन आणि बॉलकॉकही दोन, त्यामुळे जवळजवळ 240 जातात आणि उरतात 760.

मग दोन घेऊच नयेत का? तर तसंही नाही. एक धुवायला काढली तरी दुसरीवर घर चालतं, हे फार मोठं सुख आहे. शिवाय 1000 लिटर म्हणजे एक टन वजन एकाच जागी, ते बीमवरच यायला हवं, स्लॅबच्या मधोमध अजिबात ठेवू नका, दोन टाक्या असल्या तर ते वाटून देता येतं. मात्र खालून जोडणार असाल तर दोन्हींचे कट्टे पाणसळीने एका लेव्हलला घ्याच, एक कट्टा विटेएवढा उंच झाला तर त्या टाकीत तेवढं पाणी कमीच चढणार. खर्च सहसा दोनचाच जास्त, फिटिंग डबल लागतं ना.

शहरात माणशी रोज 135 लिटर धरतात, चौघांचे 540 झाले. रोज पाणी येत असेल तर मी डोळे झाकून पाचशेच्या दोन घेईन. दिवसाआड येत असेल तर 1080 लागतात, तिथे हजारची एक काय नि पाचशेच्या दोन काय, दोन्ही अपुऱ्याच, सरळ 1500 ची बघा, पण आधी जिन्याची रुंदी मोजून घ्या.