सालेंतोचा चौक: जीपची घाई करू नये

कोलंबियाच्या किंदिओ प्रांतातील सालेंतो या कॉफीच्या गावाचा मुख्य चौक, प्लाझा दे बोलिव्हार, पाहून वेंगुर्ल्यास परतल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. बहुतेक प्रवासी या चौकाला कोकोरा खोऱ्यात जाणाऱ्या विलीज जीपांचा थांबा समजतात आणि उतरल्या पावली जीप पकडतात. आम्हीही पहिल्या दिवशी तेच केले. तेथील ६० मीटरपर्यंत वाढणारे मेणताड पाहावेत असेच आहेत, माडांखाली वाढलेल्या माणसाचीही मान अवघडते; परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी जमण्यापूर्वी, चौकातल्या बाकावर दोन तास बसलो, ते अधिक लक्षात राहिले.

एका बाजूस चर्च, मध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध लढलेल्या सिमोन बोलिव्हारचा पुतळा आणि तेथून निघणाऱ्या काये रेआल या रस्त्यावर लाल, निळ्या, पिवळ्या दारा-सज्ज्यांची घरे आहेत. एका घराचा गिलावा कोपऱ्यात सुटला होता. वाकून पाहिले तर आत बांबूच्या चिवाट्या आणि वर लिंपलेली माती, म्हणजे आपल्याकडचा कूडच. या बांधणीला तेथे बाहारेके म्हणतात. युनेस्कोने २०११ साली या कॉफीप्रदेशाला जागतिक वारसा ठरवले, त्यात मळ्यांबरोबर अशा घरांचाही वाटा आहे.

चौकातील ‘तिंतो’ ही बिनदुधाची कॉफी मात्र पातळ आणि किंचित करपट लागली. उत्तम माल पूर्वापार निर्यातीला जात आला आहे. हापूसच्या पेट्या वाशीला रवाना करून घरी रायवळ चोखणाऱ्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. काये रेआलवरील लहान दुकानांत जवळच्या मळ्यातली, समोर दळून केलेली कॉफी मिळते, तीच घ्यावी.

जेवणाबद्दल निराशा झाली. चौकालगतच्या एका उपाहारगृहात ट्राउट मासा सायीच्या रश्शात इतका बुडवला होता की त्याची स्वतःची चव शोधावी लागली, आणि दर मागच्या गल्लीपेक्षा बराच चढा. सोबतचे पाताकोन, म्हणजे कच्चे केळे तळून, चेपून पुन्हा तळलेली चकती, मात्र कुरकुरीत होते. केळ्याची कापे आवडणाऱ्यांनी ते अवश्य मागवावेत.

शनिवार-रविवार टाळावा. गाव सुमारे १,९०० मीटर उंचीवर असल्याने संध्याकाळी स्वेटर लागतो. कॉफी घरी आणायची तर अख्खे दाणेच घ्यावेत; आम्ही दळलेली आणली आणि आमच्या पावसाळी दमट हवेत पंधरा दिवसांत तिचा वास उडाला.