ग्रीक नवा करार आणि स्ट्राँगचे आकडे: पुनरुत्थानाच्या शब्दांमागे काही महिने

आमच्या भगिनी मंडळाने लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५वा अध्याय अभ्यासाला घेतला, तेव्हा एकीने विचारलं, ‘येशू “उठला” असंही आपण म्हणतो आणि “उठवला गेला” असंही म्हणतो. मुळात काय आहे?’ त्या प्रश्नामुळे मी फोनवर ग्रीक नवा करार घेतला. ईस्टर होऊन गेला, पावसाळाही सरत आला, तरी तो रोज उघडते आहे. या साधनाचा कशाला उपयोग होतो आणि कशाला होत नाही, हे आता सांगता येईल असं वाटतं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रीक मजकुराच्या प्रत्येक शब्दाखाली त्याचा इंग्रजी अर्थ असतो आणि त्याखाली एक आकडा. हा आकडा जेम्स स्ट्राँग यांच्या १८९०च्या शब्दसूचीतला. आकड्यावर बोट ठेवलं की तीन गोष्टी उघडतात: शब्दकोशातली नोंद, व्याकरणाची एक ओळ, आणि तो शब्द नव्या करारात जिथे जिथे आला आहे त्या सगळ्या वचनांची यादी. अशी ॲप बरीच आहेत, काही फुकटही आहेत. ग्रीक शिकलेलं असायची गरज नाही, पण अक्षरं मात्र आधी शिकून घ्या.

माझ्या मते यातली सर्वांत मोलाची गोष्ट ती यादी आहे. ३८६ म्हणजे ‘अनास्तासिस’, ज्याला आपण पुनरुत्थान म्हणतो. सूचीप्रमाणे तो ४२ वेळा येतो. एवढी वचनं दोन-तीन संध्याकाळांत शांतपणे वाचून होतात, आणि तेवढ्यात शब्द स्वतःच बोलायला लागतो. बहुतेक ठिकाणी तो मेलेल्यांच्या उठण्याबद्दलच आहे: सदूकी हा यहूदी पंथ ते नाकारतो, मार्था शेवटच्या दिवसाचं म्हणून ते मान्य करते, आणि येशू तिला सांगतो, ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे.’ लूक २:३४ मात्र वेगळं आहे. म्हातारा शिमोन बाळाला हातात घेऊन म्हणतो की हा इस्राएलातल्या पुष्कळांच्या पडण्याला व उठण्याला कारण होईल. तिथलं ‘उठणं’ हाच शब्द आहे, अनास्तासिस. पडलेला माणूस उभा राहतो, इतका तो साधा आहे.

यादीतलं प्रेषितांची कृत्ये १७ वाचताना मी बराच वेळ थांबले. अथेन्समध्ये पौल ‘येशू आणि अनास्तासिस’ यांची सुवार्ता सांगतो, तेव्हा काहींना वाटतं की हा परक्या देवांचा प्रचार करतो आहे. अनास्तासिस हे कुणा देवीचं नाव समजून ते असं म्हणाले असावेत, असा अर्थ चौथ्या शतकातला धर्मोपदेशक क्रिसोस्तोम याच्या काळापासून लावला जातो. मग पौलाला अरीयपग या अथेन्समधल्या टेकडीवर नेतात. त्याच अरीयपगावरच्या न्यायसभेची स्थापना दाखवणारं ग्रीक नाटककार ईस्किलसचं नाटक त्याआधी पाचशे वर्षं लिहिलेलं होतं. त्यात अपोलो स्वतः सांगतो की माणूस एकदा मेला, त्याचं रक्त मातीने पिऊन टाकलं, की त्याला अनास्तासिस नाही. शब्द तोच, आणि जागाही तीच. पौलाने मेलेल्यांतून उठण्याची गोष्ट काढताच काहींनी थट्टा का केली, हे यानंतर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आत्म्याच्या अमरत्वाबद्दल तिथले लोक तासन्‌तास ऐकत बसले असते. मेलेला माणूस उभा राहतो, हे मात्र त्यांच्या कवींनी आधीच निकालात काढलेलं होतं.

दुसरा मोठा शब्द १४५३, ‘एगेइरो’. याची यादी तिपटीहून लांब आहे, आणि ती सगळी वाचावी असं मी आग्रहाने सांगेन, कारण त्यात रोजचं जगणं भरलेलं आहे. योसेफ झोपेतून उठतो. वादळात घाबरलेले शिष्य येशूला जागं करतात. खड्ड्यात पडलेलं मेंढरू शब्बाथ दिवशीही वर काढायचं असतं, तिथे हेच क्रियापद आहे. मंदिर तीन दिवसांत ‘उभारीन’ यातही हेच. पेत्राची सासू तापातून उठून सेवा करू लागते, तिथेही हेच. झोपलेल्याला, पडलेल्याला, आजाऱ्याला उठवायला जो शब्द, तोच थडग्यातून उठवायला. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी मरणासाठी वेगळा, भारदस्त शब्द शोधला नाही.

मार्क ५:४१-४२ जवळून पाहा. याईराच्या मुलीचा हात धरून येशू म्हणतो, ‘तलिथा कूम’, आणि मार्क त्याचा ग्रीक अर्थ देतो: मुली, तुला सांगतो, ‘एगेइरे’. पुढच्याच ओळीत मुलगी ‘अनेस्ते’, म्हणजे उभी राहिली, आणि चालू लागली. तो म्हणतो ऊठ, ती उभी राहते. दोन शब्द, दोघांचे. ९:२७ मध्ये तर हे एकाच वाक्यात आहे: येशूने मुलाचा हात धरून त्याला उठवलं (एगेइरो) आणि तो उभा राहिला (अनिस्तेमि, अनास्तासिसचंच क्रियापद). आमच्या मंडळातल्या प्रश्नाला मिळालेलं पहिलं समाधानकारक उत्तर हे होतं. दोन्ही शब्द मुळात आहेत, आणि मार्क ते शेजारीशेजारी ठेवतो. ईस्टरला ग्रीक लोक एकमेकांना ‘ख्रिस्तोस अनेस्ती’ म्हणतात, ते अनिस्तेमिचं रूप. रिकाम्या थडग्यापाशी स्त्रियांना सांगितलं जातं ‘एगेर्थे’, ते एगेइरोचं.

व्याकरणाची ओळ बहुतेक जण सोडून देतात. मीही सुरुवातीला फार पाहत नव्हते, आता तीच आधी पाहते. १ करिंथ १५:३-५ मध्ये चार क्रियापदं आहेत: मेला, पुरला गेला, उठवला गेला आहे, दिसला. पहिलं, दुसरं आणि चौथं एकाच प्रकारच्या भूतकाळात, घडून गेलेल्या गोष्टींच्या. तिसरं, ‘एगेगेर्ताइ’, पूर्ण वर्तमानात. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ‘पाहुणे आले’ म्हटलं तर ते गेलेही असतील. ‘पाहुणे आलेत’ म्हटलं की ते अजून घरात आहेत. पौल या अध्यायात हेच रूप सात वेळा वापरतो (वचनं ४, १२, १३, १४, १६, १७ आणि २०). ख्रिस्त उठला आणि अजून उठलेलाच आहे, हे पौलाने क्रियापदातच ठेवलं आहे. इंग्रजी अर्थाच्या ओळीत हे दिसेलच असं नाही.

इथे एक काळजी घ्यायला हवी. ‘एगेर्थे’ हे रूप कर्मणी दिसतं, म्हणून ‘कर्मणी आहे, म्हणजे देवाने उठवलं’ असा निष्कर्ष प्रवचनांत पटकन काढला जातो. निष्कर्ष खरा आहे, पण तो या रूपातून निघत नाही. पेत्राच्या सासूबद्दलही मत्तय ८:१५ मध्ये हेच रूप आहे, आणि तिथे अर्थ सरळ ‘ती उठली’ असा होतो. देवाने उठवलं हे पौल स्पष्ट शब्दांत वेगळं सांगतो, १५:१५ मध्ये आणि रोमकरांस १०:९ मध्ये, कर्ता-कर्मासह. आधार त्या वाक्यांचा घ्यावा.

आता शब्दकोशाच्या नोंदीबद्दल. इथे मी कडक बोलणार आहे, कारण बहुतेक लोक आकड्यावर बोट ठेवतात, ही नोंद वाचतात आणि तिथेच थांबतात. नोंद १८९०ची आहे आणि ते जागोजागी जाणवतं. एगेइरो हा शब्द ‘अगोरा’च्या, म्हणजे बाजाराच्या, मुळाशी जोडलेला आहे, ‘आपल्या शक्ती एकत्र गोळा करणे’ अशा कल्पनेतून. ही व्युत्पत्ती आज भाषाशास्त्रज्ञ धरत नाहीत. या क्रियापदाचं नातं खरं तर संस्कृत ‘जागर्ति’शी आहे, म्हणजे आपल्या जाग, जागा, जागर यांच्याशी. अनिस्तेमिमधला ‘स्त’ हा ‘तिष्ठति’चा, ‘स्था’चा, आपल्या ‘उत्थान’मध्येही तोच बसलेला आहे. हे कळल्यावर मला फार आनंद झाला. तरीही शब्दाचा अर्थ मुळातून ठरत नाही, वापरातून ठरतो, हे यादीने शिकवलंच होतं.

शब्द फोडून अर्थ काढण्याचा धोका १८१५मध्ये सर्वांत जास्त आहे. ‘एक्झानास्तासिस’ नव्या करारात एकदाच येतो, फिलिप्पै ३:११मध्ये. ‘एक्’ म्हणजे ‘बाहेर’, म्हणून हे निवडक विश्वासणाऱ्यांचं वेगळं पुनरुत्थान, असं कुणी शिकवताना ऐकलं तर सावध राहा. एकदाच आलेल्या शब्दाच्या उपसर्गावर एवढी इमारत उभी राहत नाही. त्याच वाक्यात लगेच ‘मेलेल्यांतून’ आहे, आणि पौल काय म्हणतो ते त्यावरून पुरेसं कळतं.

जिथे साधनाने मला मराठी बायबलकडेच परत पाठवलं ती जागा म्हणजे १ करिंथ १५:४४. ‘सोमा प्सिखिकोन’ पेरलं जातं, ‘सोमा प्नेउमातिकोन’, आत्मिक शरीर, उठवलं जातं. काही इंग्रजी भाषांतरांत पहिल्याला ‘भौतिक शरीर’ म्हटलं आहे, आणि मग दुसरं शरीर नसलेलं, धुक्यासारखं काहीतरी असणार असं वाटू लागतं. पण ‘प्सिखिकोन’ हे ‘प्सिखे’वरून, प्राणावरून आलं आहे, आणि दोन्हीकडे ‘सोमा’, शरीर, आहेच. शरीर कशाचं बनलेलं आहे यापेक्षा ते कशाच्या बळावर जगतं, हा इथला मुद्दा आहे. आपलं जुनं मराठी भाषांतर ‘प्राणमय शरीर’ म्हणतं. इतका अचूक शब्द मला इंग्रजीत सापडला नाही. पुढे बायबल मूळ भाषांतून नव्याने मराठीत आणण्यासाठी पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदन सांभाळत ग्रीक आणि हिब्रू शिकून आयुष्याची शेवटची वर्षं भाषांतराला दिली. १९२२मध्ये त्या गेल्या, तेव्हा माझ्या फोनवरची ही सोय कुठेच नव्हती.

फोनवरच्या किरकोळ गोष्टी लवकर सांगते. मी वापरते त्या ॲपमध्ये उच्चार फक्त रोमन लिपीत आहेत, देवनागरीत नाहीत. मी वहीत देवनागरीत लिहून घेते. ध्वनिफितीतला उच्चार अभ्यासकांनी ठरवलेला आहे, आजच्या ग्रीक माणसाचा नाही. ‘अनेस्ते’ आणि ‘अनेस्ती’ दोन्ही ऐकू आलं तर गोंधळू नका. इंटरनेट नसताना यादी उघडत नाही, म्हणून सभागृहात जाण्याआधी वचनं उतरवून न्यावी लागतात.

सर्वांत मोठी उणीव ही की हे ग्रीक आकडे नव्या करारापाशी थांबतात. पौल आणि मार्क यांच्या कानात जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर होतं, सेप्टुआजिंट, आणि तिथे यशया २६:१९ मध्ये मेलेले ‘अनास्तेसोन्ताइ’ आणि थडग्यांतले ‘एगेर्थेसोन्ताइ’ असे दोन्ही शब्द एकामागोमाग येतात. ते वाचायला सेप्टुआजिंट असलेलं दुसरं साधन मला शोधावं लागलं. तुम्ही नव्याने घेणार असाल तर सेप्टुआजिंट त्यात आहे ना, ते आधी पाहा. घेतल्यावर पहिल्या दिवशी मार्क ५:४१ उघडा, आणि शब्दकोशाच्या नोंदीआधी यादीवर जा.