विश्रामबागच्या काकूंची मेस, थाळी आणि खेळाडूंची वही

रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी साडेचार. सांगली-मिरज रोडला विश्रामबागच्या आतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर ही मेस आहे, बाहेर मोठा बोर्ड नाही, सकाळी साडेसातच्या पुढं जिन्याखाली ट्रॅकसूटवाली पोरं-पोरी चपला काढताना दिसली की समजायचं हेच ते. माझी बहीण कबड्डी खेळते, डाव्या कोपऱ्याला, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि दोन वर्षं ती इथं जेवतेय. आम्ही जत तालुक्यातले, घर लांब, त्यामुळं मेसचा हिशोब मीच बघतो आणि म्हणून हे सगळं मी लिहितोय.

साध्या दोन वेळच्या जेवणाचे महिना तीन हजार आणि खेळाडूंच्या ताटाचे सेहेचाळीसशे. खेळाडूंच्या ताटात वरून काय येतं तर ग्राउंडवरून आल्यावर चार उकडलेली अंडी, मोड आलेली मटकी वाटीभर, अर्धा लिटर दूध आणि बुधवार-रविवार चिकन. मी एकदा बसून गणित मांडलं. होलसेलनं अंडं सहा रुपये धरलं तरी महिन्याची एकशेवीस अंडी सातशे वीसला जातात, दूध साठ रुपये लिटर म्हणजे महिन्याला नऊशे, झाले सोळाशे वीस. काकू जास्तीचे घेतात सोळाशे. म्हणजे मटकी आणि चिकन त्यांच्या पदरचंच की! मी विचारलं, काकू असं कसं परवडतं तुम्हाला, तर म्हणाल्या, "अरे साध्या ताटावर सुटतात चार पैसे, ह्या पोरांच्या ताटावर मी कमवत नाही." हे त्या अगदी भाकरी थापता थापता बोलल्या, वर पण बघितलं नाही.

जेवण घरच्यासारखं आहे. ज्वारीची भाकरी तव्यावरनं थेट ताटात, अख्खा मसूर लय भारी, शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा टेबलावर कायम, हवा तेवढा घ्या. भात कधीकधी गिचका होतो. आमटी पातळ असते पण चवीला चांगली. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पोरगा असो की पोरगी, अंडी चारच, चिकनचे पीस पण तेवढेच, पोरींना कमी लागतं असं तिथं कोणी मनातसुद्धा आणत नाही.

आता वहीचं सांगतो, कारण माझ्या दृष्टीनं ह्या मेसची खरी क्वालिटी त्या वहीत आहे. दाराजवळ खिळ्याला सुतळीनं एक लांबडी वही टांगलेली असते, प्रत्येक खेळाडूचं एक पान. तारीख, सकाळ, संध्याकाळ, अंडी, दूध, आणि पुढं सही. गावाला गेलं की खाडा लागतो आणि तीन दिवसांपेक्षा जास्त खाडा असेल तर पैसे कापून देतात. पानाच्या वरच्या बाजूला लाल पेनानं लिहिलेलं असतं, पैसे कोण भरणार, किती, कोणत्या तारखेपर्यंत. काकू सातवी शिकलेल्या आहेत पण त्यांनी तोंडी असं काहीच ठेवलेलं नाही.

आणि कॉलेजनं सगळं तोंडीच ठेवलं होतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ॲडमिशनच्या वेळी आम्हाला सांगितलेलं की मुलगी चांगली खेळते, फी माफ, खुराकाचे पैसे कॉलेज भरेल, तुम्ही फक्त आमच्याकडून खेळवा. दुसऱ्या एका कॉलेजचं पण बोलावणं होतं, ते आम्ही ह्या शब्दावर सोडलं. पहिलं वर्ष सगळं व्यवस्थित चाललं, झोनल जिंकलं, इंटरझोनलला गेले. तिथं सेमीफायनलला पकड करताना तिचा गुडघा वळला. लिगामेंट फाटलं. एमआरआय, ऑपरेशन, फिजिओ सगळं मिळून सव्वा लाखाच्या वर गेलं आणि कॉलेजकडून आलं काय तर एक हार आणि लवकर बरी हो म्हणून व्हॉट्सॲपवर मेसेज. पुढच्या महिन्यात मेसचे पैसे आले नाहीत. मी जाऊन विचारलं तर, आता ती खेळत नाही ना, मग खुराक कसला. मी म्हणालो साहेब ती तुमच्यासाठी खेळतानाच पडली, तर म्हणे असं कुठं लिहून दिलंय का आम्ही? खरंच नव्हतं लिहून दिलं.

काकूंनी त्या दिवशी वही काढली, तिचं पान उघडलं, लाल पेनानं कॉलेज शब्दावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं 'भाऊ, जमेल तसं'. अंडी-दूध बंद केलं नाही. उलट डॉक्टरांनी प्रोटीन वाढवा सांगितलंय म्हटल्यावर पाचवं अंडं सुरू केलं. कुबड्या घेऊन तिला जिना चढता येत नव्हता तर खाली पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधी एक लोखंडी टेबल टाकलं, वर प्लास्टिकचं कापड, आणि काकूंचा मुलगा वरून ताट आणून द्यायचा. अडीच महिने. तिथं ती एकटीच जेवायला नको म्हणून टीममधल्या पोरी पण आपापली ताटं घेऊन खाली यायला लागल्या, वर टेबलं रिकामी आणि खाली पार्किंग फुल.

तेव्हापासून मी हा कॉलेज खेळाडूंच्या पैशाचा विषय जरा मनापासून वाचायला लागलो. अमेरिकेत तर कॉलेजचा खेळ म्हणजे प्रचंड मोठा धंदा आहे, तिथली एनसीएए नावाची संघटना हे सगळं चालवते, तिनं २०१० मध्ये नुसत्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे टीव्ही हक्क चौदा वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरला विकले. आणि २०१४ मध्ये त्याच स्पर्धेत कनेटिकटच्या टीमला जिंकून देणारा शबाझ नेपियर पत्रकारांना सांगत होता की काही रात्री मी उपाशी झोपतो. टीव्हीवर त्याचा खेळ विकून अब्जावधी आणि पोरगा उपाशी. त्यावर आरडाओरडा झाला आणि त्याच महिन्यात खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठवायचा निर्णय झाला. म्हणजे तिकडं पण गोष्ट शेवटी जेवणावरच आली, आमच्या काकूंच्या ताटावर.

त्याच्याही मागची एक गोष्ट वाचून मला झोप लागली नाही. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉल खेळताना रे डेनिसन नावाचा खेळाडू डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोनं कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली आणि १९५७ मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं नाही म्हणून सांगितलं. त्याच काळात एनसीएएनं 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द पक्का केला, म्हणजे खेळाडू कामगार ठरायला नको आणि भरपाई द्यायला लागायला नको. आम्हाला ऑफिसात जे ऐकवलं ते शब्द वेगळे होते पण अर्थ तोच.

काही लोक म्हणतात कॉलेजच्या पोरांना पैसे दिले की खेळ बिघडतो. हे आपल्या भागात बसून कोणी म्हणू नये. आपल्याकडं जत्रेच्या मैदानात रेवड्यांच्या कुस्त्यांपासून लाखाच्या इनामापर्यंत सगळं आधी ठरतं, जाहीर होतं, कुंडलच्या मैदानाला माणसं कुठनं कुठनं येतात, इनाम घेतलं म्हणून पैलवानाची इज्जत कमी झाली असं कोणी म्हणलंय का कधी? आणि शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर अण्णांनी कमवा आणि शिका उभं केलं, पोरं काम करून शिकली, त्या कमाईनं शिक्षण बाटलं नाही. मग सकाळी साडेपाचपासून ग्राउंडवर घाम गाळणं हे काम नाही का? खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मोठं काळीज होतं त्या माणसाचं. पण सत्तर वर्षांनंतरही खेळाडूला कुणाच्या तरी काळजावरच अवलंबून राहावं लागणार असेल तर आपण नियम करायला काहीतरी चुकलोच.

आपल्याकडं काहीच मिळत नाही असं पण नाही. खेलो इंडियात निवड झाली तर महिन्याला दहा हजार हातखर्चाला मिळतात, ट्रेनिंगचा खर्च वेगळा. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण तिथपर्यंत पोचायच्या आधी जी पोरगी गुडघा धरून बसते तिचं काय? ती कुठल्याच यादीत नाही. कॉलेज म्हणतं आमच्या कबड्डीला टीव्ही नाही, पैसा कुठनं आणू. मान्य, अमेरिकेसारखा पैसा इथं नाहीच. पण ॲडमिशनच्या फीमध्ये क्रीडा शुल्क सगळ्यांकडून घेता, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये खेळातली बक्षिसं मोजून दाखवता, ॲडमिशनच्या जाहिरातीत टीमचा फोटो टाकता, म्हणजे खेळाडूचा उपयोग तर होतोय.

फोटोवरून आठवलं. बहीण घरी प्लास्टर-बेल्टमध्ये बसलेली आणि चौकात एका क्लासच्या फ्लेक्सवर हिचा चढाई अडवतानाचा फोटो, 'आमची गुणवंत विद्यार्थिनी'. त्या क्लासला ती कधी गेलीच नव्हती! विचारलं नाही, सांगितलं नाही, पैसे तर दूरच. अमेरिकेत एड ओबॅनन नावाच्या बास्केटबॉल खेळाडूनं मित्राच्या घरी व्हिडिओ गेममध्ये स्वतःला बघितलं, तोच नंबर, तीच डावखुरी स्टाइल, आणि त्यानं २००९ मध्ये केस टाकली. मग कोर्टकचेऱ्या होत होत २०२१ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं दुसऱ्या एका केसमध्ये नऊ विरुद्ध शून्य असा एनसीएएच्या विरोधात निकाल दिला आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमवायची मोकळीक मिळाली. आम्ही केस बिस टाकली नाही, मी आणि तिच्या टीममधल्या चौघी जाऊन तो फ्लेक्स उतरवायला लावला.

२०२५ च्या जूनमध्ये तिथं अजून एक मोठी तडजोड मंजूर झाली, आता कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पण पहिल्या वर्षासाठी एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची वरची मर्यादा, आणि बाहेरचा करार ६०० डॉलरच्या वर गेला तर तो तपासायला द्यायचा. मागच्या वर्षांची भरपाई म्हणून साधारण २.८ अब्ज डॉलर ठरले, त्यातला बहुतेक वाटा पुरुषांच्या फुटबॉल-बास्केटबॉलकडं जातो म्हणून मुलींनी अपील केलं. मला ह्यात एक गोष्ट खटकते. नियम म्हटलं की सगळ्यांना पहिल्यांदा आठवतं की जास्तीत जास्त किती द्यायचं. वरची रेघ. माझं म्हणणं असं की आधी खालची रेघ मारा. कमीत कमी काय द्यायलाच लागेल ते लिहा. खेळताना मार लागला तर उपचार आणि पदवी पूर्ण होईपर्यंत फी आणि खुराक, बास, एवढं एका पानावर, सही-शिक्क्यासकट, पोरगा-पोरगी सारखं. त्याच्या वर कुणाला किती मिळतं ते मिळू दे, आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला २०२३ च्या लिलावात ३ कोटी ४० लाख मिळाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी आनंदच केला. पण कॉलेजच्या ग्राउंडवरच्या शंभर पोरींना आधी चार अंडी पक्की पाहिजेत, आणि ती खेळत नसतील त्या महिन्यात पण.

बरं मेसचं राहिलेलं. अर्धा स्टार कापला तो रात्रीच्या वेळेसाठी. साडेनऊला बंद होते आणि बाहेरगावी मॅच असली की टीम दहा-साडेदहाला परत येते, तेव्हा पोरं बिस्किटावर झोपतात. आधी फोन केला तर काकू भाकरी आणि झुणका झाकून ठेवतात पण फोन करायचं लक्षात राहत नाही, ह्याला काहीतरी पक्की सोय पाहिजे. हात धुवायला एकच बेसिन आहे, रविवारी रांग लागते. स्कॅनर आलाय आता, पैसे ऑनलाइन चालतात, पण वहीत सही करूनच बाहेर पडायचं. नवीन पोरांना घेताना काकू स्वतः विचारतात, पैसे कोण भरणार, कॉलेज म्हणालं तर कुणी म्हणालं, त्याचा नंबर दे, आणि लेखी आणलंस का. पूर्वी हे शेवटचं विचारत नव्हत्या.

बहीण मागच्या महिन्यापासून परत जिना चढायला लागली, अजून मॅटवर जात नाही, नुसतं पळते. पार्किंगमधलं ते लोखंडी टेबल मात्र काकूंनी तिथंच ठेवलंय, आता एक फुटबॉलवाला पोरगा घोट्याला प्लास्टर घालून तिथं जेवतो.