जीवामृताचे अठरा महिने : ज्वारी पास, गहू एटीकेटीत

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आमची साडेतीन एकर जमीन आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये त्यातल्या एका एकरावर युरिया-डीएपी बंद करून सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीनं, म्हणजे शेण-गोमूत्र ड्रममध्ये आंबवून केलेल्या जीवामृतावर, काम सुरू केलं. शेजारचं एकर मुद्दाम जुन्याच पद्धतीवर ठेवलं. तसं केलं नसतं तर आज हे लिहायला तोंड नसतं, कारण २०२३च्या पावसानं दगा दिला आणि २०२४ला तो चांगला झाला. नुसतं "गेल्या वर्षीपेक्षा वाढलं" म्हटलं की सगळं श्रेय जीवामृताच्या ड्रमाला गेलं असतं.

जीवामृताची कृती बहुतेकांना माहीत आहे, तरी सांगतो. २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण (आमची खिलार आहे), १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. एका एकराला एक ड्रम. पेरणीआधी एकरी २०० किलो घनजीवामृत (त्याचंच वाळवलेलं, घन रूप) आणि बियाण्याला बीजामृत (बियाण्याला चोळायचं शेण-गोमूत्राचं मिश्रण). यात खरं कष्टाचं काम एकच, गोमूत्र धरणं. पहाटे गाय उठायच्या वेळेला बादली घेऊन उभं राहावं लागतं. माझ्याआधी आईच उठायची, आणि ते दिवसभर ऐकवायची.

ठिबकमधून सोडणार असाल तर फडक्यानं दोनदा गाळा. मी पहिल्यांदा एकदाच गाळलं आणि पुढचे दोन दिवस फिल्टर धुण्यात घालवले. दुकानात "तयार जीवामृत" म्हणून मिळालेली बाटलीही एकदा आणली. झाकण उघडलं तर ना फेस, ना तो आंबूस वास. ती परसातल्या केळीला ओतली.

आता खर्च. "झिरो बजेट" हे या पद्धतीचं नाव ऐकूनच मी तिच्याकडे वळलो होतो. पण दुकानातून बेसन-गूळ आणला तर एका ड्रमाला तीनशेच्या आसपास जातात आणि युरियाची ४५ किलोची गोणी सबसिडीत २६६ रुपये ५० पैशांना मिळते. घरचा हरभरा दळला तेव्हा कुठे परवडायला लागलं.

मातीचं सांगतो, कारण त्यासाठीच हा उद्योग केला. दोन्ही बाजू कापलेला डालड्याचा डबा चार बोटं मातीत ठोकायचा, एक लिटर पाणी ओतायचं आणि किती वेळात जिरतं ते मोबाईलवर मोजायचं. २०२५च्या फेब्रुवारीत ज्वारी काढल्यावर मोजलं. जुन्या पद्धतीच्या एकरात २७ मिनिटं, नव्या एकरात ११. मी खूश. मग नव्या एकरातल्याच चार ओळी आठवल्या. तिथंही बाकीच्या एकरासारखं उसाचं पाचट अंथरलं होतं, पण पाइप पुरला नाही म्हणून जीवामृत कधी पोचलंच नव्हतं. तिथं डबा ठोकला. १३ मिनिटं.

म्हणजे पाणी मुरवलं ते मुख्यतः पाचटानं. ते उचललं की खाली गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसतात, ओल बोटाला लागते आणि रब्बीत पडतात तशा भेगा जवळजवळ नाहीत. शेजारचे तात्या ते पाचट जाळणार होते. दोन ट्रॉल्या मी उचलून आणल्या तेव्हा हसले. यंदा त्यांनी काडी लावली नाही. आमच्याकडे आच्छादनाची अडचण वेगळीच आहे. ज्वारीचा कडबा रानावर पसरा म्हणणाऱ्यानं आधी दावणीला बांधलेल्या जनावरांना समजावून दाखवावं.

माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.४१ टक्क्यांचा ०.४६ टक्के झाला. मला त्याचा फार आनंद नाही. नमुना दहा पावलं इकडे-तिकडे घेतला तरी एवढा फरक पडतो. अजून तीन-चार वर्षं चढत गेला तर बोलू.

उत्पादन. मालदांडी ज्वारी, २०२४-२५चा रब्बी : जीवामृताच्या एकरात सव्वासहा क्विंटल, जुन्या एकरात साडेसहा. पंचवीस किलोचा फरक मी फरक मानत नाही. कडबाही तोडीस तोड. कोरडवाहू ज्वारी मुळात ओलीवर जगते. तिला आम्ही खत देत होतो ते एखादी गोणी, त्यामुळे बंद केल्याचं तिला फारसं जाणवलं नाही.

गव्हाला जाणवलं. विहिरीखालच्या एका एकराचे दोन भाग केले, पाणी दोन्हीकडे सारखं. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी जीवामृताच्या भागात खालची पानं पिवळी पडायला लागली, फुटवेही कमी. अर्ध्या एकरात पाच क्विंटल झाला, युरियाच्या अर्ध्या एकरात साडेसात.

मग रात्री वही घेऊन बसलो. बागायती गव्हाची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची (नायट्रोजनची), म्हणजे एकरी ४८. एका ड्रमातलं शेण, गोमूत्र, बेसन सगळं धरून नत्र भरतं फार तर पाव किलो. पाच वेळा दिलं तर सव्वा किलो. घनजीवामृताचे दीड-दोन किलो आणखी धरा. बाकीचं आणायचं कुठून? जीवामृत हे विरजण आहे हे त्या पद्धतीतच सांगितलंय. माझ्या भांड्यात दूधच नव्हतं, नुसतं विरजण ओतत बसलो. गव्हात हरभऱ्याचं आंतरपीक घ्यायला सांगितलेलं मी टाळलं, कारण कापणीला मजूर कटकट करतात. ती चूक माझी.

यंदा ज्वारीला तेच चालू ठेवतोय, पाचट दोनाऐवजी तीन ट्रॉल्या. गव्हाला शेणखत, चार ओळींआड हरभरा आणि निम्मा युरिया. कट्टर मंडळींना हे चालणार नाही. ड्रम बांधावर आहे तिथंच राहील, फक्त गोमूत्राची पाळी आता माझी, असं आईनं ठरवलंय.