गालिचे धुवायला नेलं आणि रोग धुवायला लावला

माझ्या हिशोबाने मला १ लाख ८८ हजार रुपये येणं होतं. काम देणाऱ्यांनी पाठवलेल्या हिशोबाने माझ्याकडेच त्यांचे ४ हजार निघत होते. या दोन आकड्यांच्या मधात काय झालं ते लिहून काढतो, कारण मला आला होता अगदी तसाच कामाचा फोन आर्वीकडच्या एका पोराला येऊन गेल्याचं परवा कळलं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातला. सहा वर्षं पुण्यात एका हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये होतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी आलो तो परत गेलोच नाही. घासायचं एक आणि पाणी ओढायचं एक अशी दोन जुनी मशीनं घेतली आणि गालिचे-सोफे धुवायचा धंदा मांडला. गिऱ्हाईक म्हणजे मंगल कार्यालयं, बँकेची एक शाखा, वर्ध्यातले दोन-चार डॉक्टर. लग्नाच्या गालिच्यावर वरणाचे, पाकाचे आणि तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचे डाग असतात. ज्याला खर्र्याचा डाग काढता आला त्याला जगातला कोणताही डाग काढता येतो, असा माझा समज होता.

२०२४ ची दिवाळी आटोपली आणि पुण्याच्या हॉटेलात माझा सुपरवायझर असलेल्या माणसाचा फोन आला. हल्ली तो नागपुरात राहून 'माणसं पुरवतो'. म्हणाला, मुंबईच्या गोदीत प्रवासी जहाज लागलंय, प्रवासी उतरलेत, पाच रात्रीत सगळे गालिचे शॅम्पू करून द्यायचे. अडतीस हजार चौरस फूट, फुटाला सहा रुपये. आमच्याकडे मला साडेतीनच्या वर कोणी देत नाही. मी हो म्हणायच्या आधीच मोबाइलवर ४० हजार ॲडव्हान्स येऊन पडला. मग मेसेज आला: सगळ्यांचे आधार कार्ड आणि पासपोर्ट साइज फोटो पाठव, गेट पास काढायचाय.

बायको चुलीजवळून एवढंच म्हणाली, "मुंबईतली माणसं सरली का सारी, तं तुमाले वर्ध्याहून बलावून रायले?" मी हसलो. या सगळ्या प्रकरणात नेमका प्रश्न तेवढा तिनेच विचारला होता.

सात पोरं घेतली. त्यातला एक माझा मावसभाऊ, बाकीची गावातलीच. सोयाबीन निघालं होतं, कापूस वेचायला बाया होत्या, पोरं रिकामीच होती. रात्रीचे ९०० रुपये कबूल केले. सेवाग्राम एक्स्प्रेसने गेलो. चार मशीनं मुंबईतच भाड्याने उचलली, दिवसाला १,२०० प्रमाणे. शॅम्पू आणि डाग काढायचं केमिकल मिळून १८ हजारांचं घेतलं. हा सगळा खर्च माझा, कारण 'मटेरियल तुझं' असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे फोनवर. कागद कसलाच नव्हता.

गोदीच्या गेटवर मोबाइल जमा केले. जहाजाला लावलेल्या शिडीने वर चढलो, तर पोरं आधी थबकलीच. आमच्या गावच्या गल्लीपेक्षा लांब असा एकेक पॅसेज, दोन्ही अंगाला केबिनची दारं. काही दारांच्या बाहेर तोंड बांधलेल्या लाल पिशव्या ठेवल्या होत्या, आणि वास शॅम्पूचा नव्हता. ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत पावडर टाकते तेव्हा येतो तसा क्लोरीनचा उग्र वास होता. पुढे गेलेला मावसभाऊ मागे वळून म्हणाला, "भाऊ, इथं कोणी मेलं काय?"

मेलं कोणी नव्हतं. मागच्या फेरीत उलट्या-जुलाबाची साथ पसरली होती. मुंबईच्या सफाई कंपनीचा सुपरवायझर म्हणाला, "थोडं पोटाचं इन्फेक्शन होतं, संपलं आता, तुम्ही फक्त कार्पेट मारा." पण जहाजाचा हाउसकीपिंग अधिकारी आला, त्याने आमच्या हातमोज्यांकडे पाहिलं आणि इंग्रजीत पहिलाच प्रश्न विचारला, वाफेची मशीन कुठेय? आमच्या मशीनचं पाणी हात घालता येईल इतपत कोमट होतं. सुपरवायझर म्हणाला, उद्या येतेय. ती मशीन पाचही रात्री 'उद्या' येत राहिली.

मग अधिकाऱ्याने आमच्या प्रशिक्षणाचे कागद मागितले. मी गप्प. सुपरवायझरने बॅगेतून फाइल काढली. प्लास्टिकच्या खिशांमध्ये आठ सर्टिफिकेटं होती, आमचेच फोटो आणि आमचीच आधारवरची नावं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मुंबईत संसर्ग नियंत्रणाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण पूर्ण केलं, असं त्यावर छापलेलं. त्या तीन दिवसांत यातली चार पोरं माझ्या वावरात थ्रेशरवर सोयाबीन काढत होती. गेट पाससाठी म्हणून घेतलेले फोटो इथे चिकटले होते.

त्याच फाइलमध्ये मागे त्यांचं जहाजाच्या एजंटला दिलेलं कोटेशन होतं. पान उलटताना दिसलं. 'संसर्गजन्य स्वच्छता, प्रशिक्षित पथक, वाफेसह', फुटाला ४८ रुपये. माझे सहा. मधले बेचाळीस एजंटापासून नागपूरवाल्यापर्यंत कुठे कुठे जिरले ते देव जाणे. दलाली खाण्याबद्दल माझी तक्रार नाही, बाजार समितीत माल विकणाऱ्या माणसाला अडत नवी नसते. पण अडत्या निदान तुरीला तूर तरी म्हणतो.

तिथूनच परत फिरायला पाहिजे होतं. फिरलो नाही. ॲडव्हान्स मशीनवर आणि केमिकलवर खर्च झालेला, पोरं आशेने आलेली, आणि रात्रीचे अडीच वाजलेले. सकाळी निघताना सुपरवायझरने एक इंग्रजी फॉर्म पुढे केला: अमुक डेकचं निर्जंतुकीकरण ठरलेल्या पद्धतीने पूर्ण, प्रशिक्षित पथकप्रमुखाची सही. मला इंग्रजी वाचता येतं, त्यामुळे न कळता सही केली असं म्हणायची सोय नाही. वाचून केली. एकदा नाही, पाचदा.

त्या कागदाला इतकी किंमत का, ते घरी आल्यावर वाचलं तेव्हा उमगलं. अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या प्रवासी जहाजावर ३ टक्के प्रवाशांनी किंवा खलाशांनी जुलाब-उलट्यांची तक्रार केली, की तिथलं आरोग्य खातं त्या जहाजाचं नाव साथीच्या यादीत जाहीर करतं. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे प्रत्येक जहाजाला स्वच्छतेचा दाखला बाळगावा लागतो, तोही सहा महिनेच चालतो. म्हणजे पुढच्या बंदरावर कोणी विचारलं तर दाखवायला सफाईचे कागद हाताशी हवेत, आणि माझी सही त्यातलीच एक.

जहाजांवरच्या अशा साथींमागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस असतो. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत साथ आली होती, त्यावरून हे नाव पडलं. आमच्या जहाजावर तोच होता की नाही याचा रिपोर्ट मला कोणी दाखवला नाही, पण चिन्हं सगळी तीच होती. तो किती चिवट आहे ते मी ज्यांचे सोफे धुतो त्या डॉक्टरांनी समजावलं. अगदी थोडे विषाणू पोटात गेले तरी लागण होते, आणि फरशी-गालिच्यावर तो कित्येक दिवस टिकतो. आम्हाला दिलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या जवळजवळ निकामीच, कारण अल्कोहोलला तो फारसा दाद देत नाही, त्याला साबण आणि वाहतं पाणी लागतं. उलटी पडलेल्या गालिच्यावर कोरडा व्हॅक्यूम तर मारायचाच नसतो, बारीक कण हवेत उडतात. आम्ही पहिली पूर्ण रात्र तेच केलं होतं, कारण शॅम्पूच्या आधी धूळ काढायची हेच मला हॉटेलात शिकवलेलं. खर्र्याच्या डागासाठी ते बरोबरच आहे.

ब्लीचची गोष्ट तर आणखी वेगळी. तिसऱ्या रात्री सुपरवायझर क्लोरीनचं पाणी भरलेले फवारे घेऊन आला, आपल्याकडे कपाशीवर मारायचे असतात तसे पाठीवरचे. म्हणाला, वाफ नाही तर हे मारा. मला गालिच्याच्या धाग्याची शंका होती. आदल्या दिवशी कडेचा एक सुटा धागा खिशात घालून आणला होता, लॉजवर काडी लावून पाहिला, तर केस जळाल्यासारखा वास आला. म्हणजे लोकर. कापूस ब्लीच सोसतो, आपली पांढरी धोतरं त्यावरच निघतात. पण क्लोरीन लोकरीला खाऊन टाकतं, रंग उडतो आणि धागा पिठासारखा होतो. हे पाणी टणक फरशीसाठी, कठड्यांसाठी, संडासासाठी ठीक आहे. गालिच्याला वाफच पाहिजे. मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "दादा, तुम्हाला सांगितलंय तेवढं करा, जबाबदारी कंपनीची." पोरांनी फवारलं. दोन पॅसेजमध्ये निळा रंग सकाळपर्यंत पिवळट पडला.

चौथ्या रात्री दोघांना लागलं. आधी मावसभावाला, मग दुसऱ्याला. लागण झाल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो, त्यामुळे हिशोब सरळ दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीवर जातो. लॉजच्या एकाच संडासात आठ जण. दोघांना जवळच्या दवाखान्यात सलाइन लावलं, त्याचे पैसेही माझ्याच खिशातून. पाचवी रात्र आम्ही सहा जणांनी काढली. गावी येईस्तोवर पोरं बरी झाली होती, पण बरं वाटल्यावरही काही दिवस हा रोग दुसऱ्याला देता येतो हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार? मावसभावाच्या घरी त्याची आई आणि लहानी पोरगी दोघी पडल्या. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, मावशी त्या दिवशी खाटेवरून उठली नाही. अजून ऐकवते.

पैशासाठी मग फोन सुरू झाले. आधी 'बिल पास व्हायचंय', मग 'साहेब बाहेर आहेत', मग डिसेंबरच्या अखेरीस सफाई कंपनीचा एक पानाचा हिशोब आला. एकूण काम २ लाख २८ हजार. वजा ॲडव्हान्स ४० हजार. वजा 'पथक अप्रशिक्षित आढळल्याने पुन्हा करावी लागलेली सफाई' १ लाख १४ हजार. वजा 'चुकीच्या रसायनाने गालिच्याचं नुकसान' ६२ हजार. वजा 'सुरक्षा साहित्य' १६ हजार. हे सुरक्षा साहित्य म्हणजे ते हातमोजे आणि सॅनिटायझर. बाकी: उणे ४ हजार.

'अप्रशिक्षित' हा शब्द मी कितीदा वाचला असेन. जहाजाला दाखवताना आम्ही प्रशिक्षित होतो, ४८ रुपये फुटाने. मला पैसे द्यायची वेळ आली तेव्हा अप्रशिक्षित झालो. दोन्ही गोष्टी एकाच कंपनीने, दोनच महिन्यांत, आमच्याबद्दल लिहिल्या.

पोरांचे पैसे बुडवणं शक्य नव्हतं, रोज तोंड पाहायचं असतं. घरात ठेवलेलं सोयाबीन काढलं. हमीभाव ४,८९२ होता, मला क्विंटलला ४,००० मिळाले. पोरांचे चुकते केले. मशीनचं उरलेलं भाडं मात्र साळ्याकडून उसने घेऊन दिलं, ते अजून फिटायचंय.

पोलिस ठाण्यात गेलो, तर म्हणाले, हा पैशाचा व्यवहार आहे आणि तोही मुंबईचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलिसांना थेट तपास करता येतो तो, कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते, हे मला पुढे वकिलाने सांगितलं. त्याच वकिलाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून जास्त वाईट वाटलं. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, आणि त्याची तक्रार ऑनलाइन करता येते. त्यासाठी लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली उद्यम नोंदणी हवी, आणि ती काम घेण्याच्या आधीची असलेली बरी. नोंदणी फुकट होते, आधार कार्डावर घरबसल्या होते. मी ती जानेवारीत केली, काम नोव्हेंबरचं. तुमची नसेल, तर हे वाचणं इथेच थांबवून आधी ती करून घ्या.

आता कोणी बाहेरगावचं काम घेऊन आला, की मी दर शेवटी विचारतो. आधी विचारतो की ही जागा का धुवायची आहे, कोणी आजारी होतं का, आणि कामाच्या कागदावर कामाचं नाव काय लिहिणार. साधी सफाई लिहिली असेल तर दुसऱ्या कसल्याही फॉर्मवर सही करत नाही. आधारच्या झेरॉक्सवर आडवी रेघ मारून 'फक्त गेट पाससाठी' आणि तारीख लिहितो. दोन जणांनी यावरून फोन ठेवून दिला, तिसऱ्याने काम दिलं.

नोटीस पाठवली होती. नागपूरवाल्याची 'पत्त्यावर सापडत नाही' असा शेरा घेऊन परत आली, मुंबईच्या कंपनीने उत्तर दिलं की आमचा तुमच्याशी करारच नाही. वकील म्हणाला, पैशाचं दिवाणी आहे ते वर्षानुवर्षं चालेल, पण खोटी सर्टिफिकेटं हा सरळ फौजदारी गुन्हा आहे, त्यातलं एक तरी आण. कुठून आणू? मोबाइल गेटवर जमा होते, फाइल त्यांच्या बॅगेत गेली. मागच्या आठवड्यात पानठेल्यावर मावसभाऊ भेटला. बुटीबोरीला एका कंपनीत हाउसकीपिंगची जागा निघाली म्हणाला, आणि मग हळूच विचारलं, "भाऊ, ते आपलं सर्टिफिकेट होतं ना थे, त्याची झेरॉक्स भेटंन का?"

मी म्हटलं, मीही तेच शोधून रायलो.